भीड इंग्रजीची नाही, ओळखीच्या कानांची

गाडीवाट हे छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटरवरचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची झाली तर कोणती शिकाल? बहुतेकांनी जपानी सांगितली, कारण त्यांना रोबोंचं आणि नव्या तंत्रज्ञानाचं वेड होतं. शाळेत जपानी येणारं कुणी नव्हतं, पुस्तकं नव्हती, गावाला धड रस्ताही नव्हता. इंटरनेट मात्र होतं. शिक्षकांनी व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप्स हाताशी धरून श्रीगणेशा केला. करोनाने शाळा बंद पडल्या तेव्हा शहरातल्याच एका भाषातज्ज्ञाच्या कानावर ही गोष्ट गेली आणि जुलै २०२० पासून त्यांनी मुलांचे ऑनलाइन तास फुकट घ्यायला सुरुवात केली. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांचं काय, यावरही शाळेने तोड काढली. तासाला बसलेली मुलं ‘विषयमित्र’ झाली आणि बाकीच्यांना शिकवू लागली. साडेतीनशेच्या आसपास पट असलेल्या शाळेतली सत्तरेक मुलं थोडंबहुत जपानी बोलू लागली, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली.

त्या बातमीत कौतुकाचा भाग होताच, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट वाचताना निसटून गेली. ही मुलं जपानी बोलायला लाजली नाहीत. का लाजतील? चुकलं तर हसणार कोण? गावात जपानी कुणालाच येत नव्हती. सरपंचांना नाही, मास्तरांना नाही, शहरात शिकायला गेलेल्या चुलतभावालाही नाही.

इंग्रजीचं नेमकं उलट आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं आज तिशीत आहेत. बारावीपर्यंत बारा वर्षं विषय घेतला, व्याकरणाचे गुण मिळवले, निबंध पाठ केले, आणि तरीही संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एखाद्या कारखान्यात मुलाखतीला बसल्यावर ‘टेल मी समथिंग अबाउट युवरसेल्फ’ एवढं कानावर पडताच अनेकांची बोबडी वळते. सगळी माहिती स्वतःचीच असते. नाव, गाव, शिक्षण, घरात कोण कोण. तरी वाक्य घशात अडकतं.

यामागे शब्दांचा तुटवडा असतो असं सरसकट धरलं जातं आणि मग त्यावर उपायही तसाच शोधला जातो. आणखी शब्द पाठ करा, काळांचे आणखी तक्ते बनवा. शहरात औरंगपुऱ्यात, टीव्ही सेंटरला, सिडकोत स्पोकन इंग्लिशचे फलक वर्षानुवर्षं लटकत आहेत. ‘फाडफाड’ हा शब्द तर या धंद्याचा मानबिंदूच. पण खरी अडचण शब्दांची नसते, धास्तीची असते. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेत परकी भाषा शिकणाऱ्यांच्या धास्तीचा अभ्यास करून ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. त्यांनी या धास्तीचे तीन धागे वेगळे केले होते : बोलण्याचीच भीती, परीक्षेची भीती, आणि लोक आपल्याला कमी लेखतील ही भीती. आपल्याकडे तिसरा धागा इतका जाड आहे की बाकीचे दोन त्यातच गुंफले जातात. समोरचा माणूस ऐकतो आहे असं वाटतच नाही, तो तपासतो आहे असंच वाटतं.

याचा पुरावा याच शहराच्या रस्त्यावर मिळतो. संभाजीनगरचा मराठी माणूस शहागंजात, गुलमंडीवर, रिक्षात दिवसभर हिंदी बोलतो. ‘मेरे को’, ‘तेरे को’ करतो, लिंगवचनाचा हिशेब ठेवत नाही, मध्येच मराठी शब्द घालतो आणि दख्खनी वळणाचं एखादं वाक्य सहज मारून जातो. चूक झाली म्हणून त्याचा आवाज खाली जात नाही. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इथल्या त्या काळच्या पिढीने शाळा उर्दूतून शिकली, घरी मराठी बोलली आणि बाजारात दोन्हींची मिसळ वापरली. दुसऱ्याच्या भाषेत चुकतमाकत बोलणं हा या शहराचा जुना स्वभाव आहे. तो इंग्रजीपाशीच येऊन का अडतो? कारण इंग्रजीवर आपण माणसाची किंमत ठरवतो. कुठल्या शाळेत गेला, बाप काय करतो, तालुक्याचा की शहरातला, हे सगळं एका उच्चारावरून ओळखल्याच्या थाटात आपण वागतो. हिंदी चुकली तर हिंदी चुकते. इंग्रजी चुकली तर खानदान उघडं पडल्यासारखं वाटतं. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे भारतीय अडीच लाखांच्या आसपास होते, तर ती दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून सांगणारे साडेबारा कोटींहून जास्त. म्हणजे या देशात इंग्रजी बोलणारा जवळजवळ प्रत्येक माणूस ती नंतर शिकलेला आहे. तरी त्यातलेच चार जण पाचव्याचं ‘ही डोन्ट’ पकडायला टपलेले असतात.

अजिंठ्याच्या पायथ्याशी स्फटिकं आणि माहितीपुस्तिका विकणारे बघा. लेणी १९८३ साली जागतिक वारसा यादीत आली, पण परदेशी पाहुणे त्याच्या कितीतरी आधीपासून येत आहेत. त्यांच्याशी घासाघीस करत ही माणसं इंग्रजी बोलायला शिकली. काहींच्या तोंडी चार जपानी वाक्यंही असतात. कुणी त्यांना तक्ते शिकवले नाहीत. समोरचा माणूस अनोळखी असतो, संध्याकाळपर्यंत निघून जाणार असतो आणि तो व्याकरण तपासायला आलेला नसतो, दगडाची किंमत विचारायला आलेला असतो. भीड चेपायला एवढं पुरतं.

म्हणूनच इंटरनेटवर अनोळखी माणसाशी इंग्रजी बोलण्याच्या सरावाकडे गांभीर्याने बघायला हवं. पालक त्याला मोबाइलचं खूळ समजतात, शिक्षक त्याची दखल घेत नाहीत, आणि मुलं तो चोरून करतात. खरं तर गावाकडच्या, निमशहरी मुलाला ओळखीच्या कानांपासून लांब जाऊन बोलता येईल अशी जागा पहिल्यांदाच मिळाली आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी जे थोड्यांना मिळालं, ते आता बीडहून, हिंगोलीहून येऊन संभाजीनगरच्या गारखेड्यात खोली करून राहणाऱ्या कुणालाही मिळू शकतं.

मिळू शकतं, पण सहज मिळत नाही. पहिल्या दिवशी काय होतं ते जरा जवळून बघू. फ्री-फॉर-टॉकसारख्या संकेतस्थळावर आवाजी गप्पांच्या खोल्या उघड्या असतात, त्यात आधीच तिघे-चौघे बोलत असतात. नवा मुलगा आत शिरतो तो माइक बंद ठेवून. वहीच्या मागच्या पानावर त्याने तीन वाक्यं लिहून ठेवलेली असतात. नाव, शहर, शिक्षण. खोलीतला जोडीदार कॉटवर पडून आहे, म्हणून त्याने इअरफोन घातलेत, पण स्वतःचा आवाज इअरफोनमध्ये लपत नाही. कुणीतरी त्याचं नाव वाचून विचारतं, ‘हॅलो, कॅन यू हिअर मी? व्हेअर आर यू फ्रॉम?’ बोट माइकच्या चिन्हाकडे जातं. कॉटवरच्या मित्राने मान वळवलेली असते. बोट माइकवर न पडता बाहेर पडण्याच्या बटणावर पडतं. ऑनलाइनच्या त्या अनोळखी माणसाला मुलगा घाबरलेला नव्हताच. तो घाबरला तीन फुटांवरच्या ओळखीच्या माणसाला.

भीड घालवण्याची सुरुवात त्यामुळे खोलीपासून करावी लागते. गच्चीवर जा, रिकाम्या वर्गात जा, फिरायला निघा आणि चालता चालता बोला. किंवा मित्रालाच सोबत घ्या आणि दोघांनी मिळून एका माइकवर बोला. बघणाराच बोलणारा झाला की त्याची नजर टोचत नाही. लिहून ठेवलेली वाक्यं वाचायला हरकत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या गप्पेनंतर वही बाजूला ठेवावी. पहिल्या काही संभाषणांत प्रश्न तेच ते येतात. हा कंटाळवाणा भाग फार उपयोगाचा आहे, कारण तीच उत्तरं पुन्हा पुन्हा दिल्याने जिभेला वळण लागतं आणि डोक्याला पुढचा विचार करायला सवड मिळते. आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. आधी मराठी वाक्य, मग त्याचं इंग्रजी. कागदावर ही रीत चालते. बोलताना भाषांतर पूर्ण होईपर्यंत समोरच्याने दुसरा प्रश्न विचारलेला असतो. ही सवय मोडते ती बोलण्याच्या वेगात, धड्यात नाही.

आणखी एक गोष्ट नव्याला माहीत नसते. दुसऱ्या टोकाला इंग्लंड-अमेरिकेचाच माणूस असेल असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात अशा खोल्यांत ब्राझीलचा, तुर्कस्तानचा, व्हिएतनामचा, इंडोनेशियाचा शिकणारा भेटण्याची शक्यता कितीतरी जास्त. त्याचीही क्रियापदं घसरतात, तोही मध्येच शब्द शोधत थांबतो. हॅलोटॉक किंवा टँडेमसारखी ॲप्स भाषेच्या देवाणघेवाणीवर चालतात : तू मला तुझी शिकव, मी तुला माझी. मराठी शिकू पाहणारा इंग्रज तिथे क्वचितच सापडेल, म्हणून निराश होण्याचं कारण नाही. दोघेही शिकणारे असतील तर दोघेही सावकाश बोलतात, पुन्हा विचारतात, खुणा करतात. समजलं नाही तर ‘सॉरी, अगेन?’ म्हणायला कुणालाच कमीपणा वाटत नाही. गाडीवाटच्या मुलांना एकमेकांशी जपानी बोलताना जी मोकळीक मिळाली, तीच इथे मिळते.

अलीकडे यंत्राशीही बोलता येतं. चॅटजीपीटी आवाजात उत्तरं देतं. ड्युओलिंगोने २०२४ मध्ये आपल्या एका चित्रपात्राशी व्हिडिओ कॉल करण्याची सोय आणली. ज्याचं तोंड अगदीच उघडत नसेल त्याने तिथून सुरुवात जरूर करावी. उच्चार सुधारतात, वाक्य पूर्ण करण्याची सवय लागते. पण त्यावरच थांबणाऱ्याची भीड मात्र जागची हलत नाही, कारण यंत्र कंटाळत नाही, गैरसमज करून घेत नाही आणि अचानक हसतही नाही. माणूस हे सगळं करतो आणि तरी बोलत राहतो, हा अनुभव माणसाकडूनच घ्यावा लागतो.

इथे मुलींबद्दल वेगळं आणि स्पष्ट बोलायला हवं. मुलगी माइक बंद ठेवते तेव्हा त्याला सरसकट लाजाळूपणा म्हणणं चूक आहे. अनोळखी खोल्यांत मुलीचा आवाज ऐकू आला की विषय इंग्रजीचा राहत नाही. फोटो माग, नंबर माग, ‘कॅमेरा लाव’ असं सुरू होतं. कुणालाही कुणाशीही जोडून देणारी ओमेगल ही सेवा २००९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद पडली. बंद होण्यामागे एका तरुणीने लढलेला खटला होता. अकरा वर्षांची असताना तिथे तिची गाठ एका नराधमाशी घालून दिली गेली होती. त्यामुळे ‘लाजू नकोस, बिनधास्त बोल’ हा सल्ला सगळ्यांना सारखा देता येत नाही. दुसरी अडचण हातातल्या फोनची. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ २०२३ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची पाहणी होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. बाकीच्या मुली भावाच्या, वडिलांच्या फोनवर अवलंबून. फोन मिळाला तरी तो बैठकीत, सगळ्यांच्या देखत मिळतो. अशा मुलीला अनोळखी माणूस मिळवून देणं पुरेसं नाही. तो माणूस कोण आहे याची खात्री करणारं कुणीतरी हवं, आणि घरच्यांच्या नजरेबाहेरची सुरक्षित जागाही हवी.

अशी जागा महाराष्ट्रात याआधी तयार झालेली आहे. शिक्षणाचे अभ्यासक सुगता मित्रा यांनी २००९ मध्ये ब्रिटनमधल्या लोकांना साद घातली की आठवड्यातून थोडा वेळ भारतातल्या मुलांशी स्काइपवरून बोला. निवृत्त शिक्षिका, आज्या, गृहिणी पुढे आल्या, पुरुषही आले, आणि त्याचं नाव पडलं ‘ग्रॅनी क्लाउड’. २०१३ मध्ये मित्रा यांना टेड पुरस्काराचे दहा लाख डॉलर मिळाले, त्यातून मुलांनी आपापलं शिकायची सात केंद्रं उभी राहिली. पाच भारतात, दोन इंग्लंडमध्ये. भारतातल्या पाचांपैकी एक साताऱ्यातल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेच्या शाळेत. मुलं शिक्षकाशिवाय आपापली शिकतात या मित्रा यांच्या दाव्यावर अभ्यासकांनी बरेच आक्षेप घेतले आहेत आणि ते घ्यायलाही हवेत. पण पडद्यावरच्या आजीचं काम वेगळं होतं. ती धडा घेत नसे. गोष्ट वाचून दाखवायची, कागदाची घडी घालून काहीतरी बनवायचं, तुमच्याकडे आज काय शिजलं ते विचारायचं. कौतुक करायचं, चूक काढायची नाही.

फलटणची निवड आणखी एका कारणाने योग्य वाटते. प्रगत शिक्षण संस्था १९८४ मध्ये स्थापन करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन. त्या फलटणला राहिल्या, मराठी शिकल्या, मराठी भाषेच्या अभ्यासक झाल्या आणि भारताच्या नागरिकही झाल्या. परक्या भाषेत चुकत बोलणाऱ्याला आजूबाजूच्यांनी सांभाळून घेतलं तर काय घडू शकतं, याचा दाखला त्या शाळेच्या पायातच आहे.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा बक्षिसाच्या रकमेची आणि त्यातली निम्मी त्यांनी इतर स्पर्धकांना वाटून टाकल्याची झाली. त्यांनी वर्गातल्या पडद्यावरून घडवलेल्या परदेशी सहली आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी तणाव असलेल्या देशांतल्या मुलांना बोलतं करणारा उपक्रम त्या मानाने मागे पडला. तिथे मुलांना इंग्रजी ‘सुधारायची’ नव्हती. त्यांना पलीकडच्या मुलाला काहीतरी विचारायचं होतं.

ब्राझीलमध्ये २०१४ साली सीएनए या इंग्रजी शिकवणाऱ्या संस्थेने साओ पाउलोतल्या विद्यार्थ्यांची गाठ शिकागोजवळच्या विंडसर पार्क या वृद्धनिवासातल्या आजी-आजोबांशी घालून दिली. इकडे बोलायला माणूस हवा, तिकडे ऐकायला कुणी नाही. संभाषण ध्वनिचित्रमुद्रित होई आणि शिक्षक ते नंतर पाहत. म्हणजे बोलताना कुणी टोकायचं नाही, आणि कुणाचं लक्षच नाही असंही नाही.

संभाजीनगरला हे करणं अवघड नाही. इथल्या अनेक महाविद्यालयांत भाषा प्रयोगशाळा आहेत. हेडफोन लावून मुलं ध्वनिमुद्रित संवाद ऐकतात आणि बाहेर पडतात. त्याच हेडफोनच्या दुसऱ्या टोकाला जिवंत माणूस बसवायचा. माणसं कुठून आणायची, हा प्रश्न मराठी समाजाला तरी पडू नये. १९८१ पासून चालू असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र ठेवून आहे, आणि तिथे निवृत्त झालेल्यांची मोठी पिढी आता घरी आहे. त्यांच्या ओळखीतले अमराठी शेजारी, जुने सहकारीही येतील. इथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात शिकागोला सकाळचे साडेसात आणि लंडनला दुपारचा दीड वाजलेला असतो. दोन्हीकडच्या निवृत्त माणसाला सोयीची वेळ.

विषय कुठले, असं कुणी विचारलं तर त्यांचीही इथे वाण नाही. हिमरू कसा विणतात ते सांगा. नान-खलिया कसा खातात ते सांगा. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली खोदत आणलं, हे हातवारे करून सांगा. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणजे नेमकं काय होतं, टाकी, टँकर, रात्रीची जाग, हे अमेरिकन आजोबांना समजावून सांगायला बसलेल्या मुलाला अडखळायला वेळच मिळत नाही. ते ‘व्हाय?’ विचारतात, तो उत्तर देतो, ते पुन्हा ‘बट व्हाय?’ विचारतात. व्याकरणाच्या तासाला तो जन्मभर उत्तर देणारा आणि समोरचा तपासणारा होता. इथे जाणकार तो आहे, आणि समोरच्याला खरंच माहीत नाही.

हे काम जिल्हा परिषदेने हाती घ्यावं, कारण गाडीवाट तिच्याच जिल्ह्यात आहे आणि तो अनुभव कागदावर उतरवून घेता येईल. पहिल्या वर्षी पैठण, कन्नड, सिल्लोड, वैजापूर अशा चार-पाच तालुक्यांत प्रत्येकी एक शाळा पुरे. शहरात विद्यापीठाने आपल्या महाविद्यालयांना आठवड्यातला एक तास द्यायला सांगावं. खोलीला दार असावं आणि ते बंद करता यावं. पलीकडच्या माणसाची ओळख आधी पडताळलेली असावी, आणि मुलींच्या तासाला शिक्षिका शेजारच्या खोलीत असावी, त्याच खोलीत नको. फोन शाळेचा असावा. आणि एक अट सगळ्यांत आधी लिहून ठेवावी : या तासाला गुण नाहीत, वार्षिक संमेलनात प्रात्यक्षिक नाही, पाहुण्यांसमोर ‘जरा इंग्रजीत बोलून दाखव बेटा’ नाही. गुण लागले की तो तास पुन्हा परीक्षा होईल आणि मुलं गप्प बसतील.